गुडघा बदलायचाय? दुखण्याचीही तयारी करून ठेवा

ऑपरेशनची तारीख ठरली की वॉकर, कमोडची उंची, रक्ताचे रिपोर्ट यांची धावपळ सुरू होते. त्याआधी एक वही घ्या आणि आपलं दुखणं लिहून काढा. गुडघ्याशिवाय कंबर, मान, खांदा असं आणखी काय काय दुखतं? बसल्याजागी किंवा रात्री झोपेतही ठणकतं का? नुसता हात लागला, गार वारा लागला तरी कळ येते का? आधीच्या एखाद्या ऑपरेशननंतर दुखणं इतरांपेक्षा जास्त दिवस राहिलं होतं का? कोणत्या गोळीने आराम पडला आणि कोणत्या गोळीने उलट्या झाल्या? हा कागद सर्जनच्याच नव्हे, भूलतज्ज्ञांच्याही हातात द्या.

यावर मी इतका जोर देते, कारण गुडघा वर्षानुवर्षं दुखत राहिला की मज्जारज्जू आणि मेंदूही त्या दुखण्याने जास्तच हळवे होतात, अगदी साध्या संवेदनेलाही वेदना म्हणून पुढे पाठवू लागतात. झिजलेला सांधा काही तासांत बदलता येतो, पण ही वाढलेली संवेदनशीलता त्याच दिवशी खाली येत नाही. गुडघा बदललेल्या पाच जणांपैकी साधारण एकाला पुढेही त्रासदायक दुखणं राहतं, आणि त्यामागचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. त्याला मनाचा कमकुवतपणा किंवा नाटक म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मात्र एक्स-रेमध्ये झीज थोडीच आहे आणि दुखतंय मात्र खूप, असं असेल तर ऑपरेशनने नक्की किती फरक पडेल, हे सर्जनना स्पष्ट विचारा. अशा वेळी थोडं थांबणंही शहाणपणाचं ठरू शकतं.

ट्रामाडॉलसारख्या ओपिऑइड (अफूच्या वर्गातल्या) वेदनाशामक गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर ऑपरेशननंतर वेदना आटोक्यात आणणं अवघड जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या आधीच हळूहळू कमी करा, मनाने एकदम बंद करू नका. झोप बिघडली असेल, सतत धास्ती वाटत असेल, तर त्यावरही आत्ताच उपचार घ्या. या दोन्हींमुळे वेदना जास्त जाणवते. मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम आजपासून सुरू करा. साखर आटोक्यात आणणं, सिगारेट सोडणं, दातांची तपासणी हे तर करायचंच आहे.

भूलतज्ज्ञांना विचारा, ब्लॉक (पायाच्या नसा काही तास बधिर करणारं इंजेक्शन) देणार का आणि त्याचा असर किती तास राहील? हा प्रश्न विसरू नका. पहिल्या संध्याकाळी पाय बधिर असतो, माणूस खुशीत असतो, "मला तर काहीच दुखत नाही" म्हणत गोळी नाकारतो. मग मध्यरात्री ब्लॉक उतरतो आणि ठणका एकदम चढतो. तो आटोक्यात यायला मग वेळ लागतो. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस घड्याळाप्रमाणे, असर ओसरण्याआधीच घ्या.

घरी बर्फाची पिशवी, ती गुंडाळायला कापड आणि दोन उशा हाताशी असू द्या. उशी गुडघ्याखाली कधीच ठेवू नका. कितीही बरं वाटलं तरी नाही, कारण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होत नाही. आधार टाचेखाली द्या. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्या, नंतर बर्फ लावा. व्यायामात ओढ बसणार, थोडं दुखणार. ते तासाभरात ओसरलं तर ठीक. रात्रभर ठणकलं आणि सूज वाढली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करा, पण बंद करू नका. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

वहीत रोज दुखण्याचा आकडा (शून्य ते दहापैकी) लिहाच, पण त्याशेजारी आज काय जमलं तेही लिहा: कुठवर चाललात, गुडघा किती वाकला, झोप किती लागली. आकडा तिथेच अडकला तरी चाल वाढत असेल तर गाडी रुळावर आहे. सूज, गरमपणा काही महिने राहतो, जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, आतून टकटक आवाज येतो. त्याने घाबरू नका.

पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप आला, किंवा कातडीचा रंग बदलून नुसत्या स्पर्शाने आग होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सीत जा.

तीन महिन्यांनंतरही दुखणं हटत नसेल तर "होईल हळूहळू" यावर समाधान मानू नका. जंतुसंसर्ग, सांधा सैल होणं, खुब्यातून किंवा कंबरेतून येणारी कळ हे सगळं तपासून घ्या. त्यात काहीच सापडलं नाही तर वेदनातज्ज्ञांकडे जा. मज्जासंस्थेची ही संवेदनशीलता कमी करणारी औषधं आणि व्यायाम आहेत. कारण न सापडता पुन्हा ऑपरेशन करायला मात्र घाईने होकार देऊ नका, त्याने आराम पडण्याची शक्यता फार कमी असते.