टाकळ्याचं शास्त्रीय नाव स्वतः कसं शोधायचं

पावसाळ्यात पडीक रानात माजतो तो टाकळा, विदर्भात तरोटा. वनस्पती ओळखायला शिकायचं तर सुरुवात याच्यापासून करा. ॲपने दिलेलं पहिलं नाव वहीत उतरवणं म्हणजे ओळखणं नव्हे. टाकळ्याची ओळख पानाच्या दांड्यावरच्या बारीक ग्रंथींवर, म्हणजे इवल्याशा उंचवट्यांवर ठरते आणि बहुतेक फोटोंत त्या दिसतच नाहीत.

फुलं, शेंगा आणि खालची पानं, तिन्ही असलेली फांदी घ्या. दहापट भिंग लागेलच.

कुल (फॅमिली) पटकन ठरतं: शेंग आहे, म्हणजे शिंबी कुल.

पुढे प्रजाती. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. 'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते नवी जाती. हा घोळ घालू नका, पुढचं सगळं चुकतं. फुलातले पुंकेसर बघा. बहाव्यात तीन पुंकेसरांचे तंतू लांबलचक आणि वळणदार असतात, ती कॅशिया. टाकळ्यात तसे नसतात, ही सेना.

आता जाती, आणि इथेच माझी अनेक वर्षं गेली. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची नोंद असलेलं पुस्तक. त्यातल्या 'की'मध्ये, म्हणजे ओळखीच्या किल्लीत, विधानांच्या जोड्या असतात, त्यातलं एक निवडून पुढे जायचं. मी पहिलं विधान वाचायचो, जुळतंय असं वाटलं की दुसरं न वाचताच पुढे सरकायचो. दोन्ही विधानं शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, प्रत्येक वेळी. पहिलं थोडंफार जुळतं आणि दुसरं तंतोतंत, असं सतत होतं.

टाकळ्याच्या पानात सहसा पर्णिकांच्या (संयुक्त पानातल्या छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात. सेना टोरामध्ये खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये एकेक ग्रंथी असते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सेना ऑब्ट्युसिफोलियामध्ये सहसा फक्त सर्वांत खालच्या जोडीत. मी एकदा एकच जून पान बघून ऑब्ट्युसिफोलिया लिहून मोकळा झालो. वरची ग्रंथी गळून गेली होती. तेव्हापासून तीन झाडांची निदान पाच-पाच पानं बघितल्याशिवाय मी जाती लिहीत नाही. शेंगेचा देठही बघा: टोराचा आखूड, ऑब्ट्युसिफोलियाचा लांब. दोन खुणा एकमेकींशी जुळत नसतील तर नाव लिहू नका, नुसतं 'सेना' लिहा. अर्धवट पण खरं नाव पूर्ण पण चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाचं.

जुन्या पुस्तकात कॅशिया टोरा दिसेल. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तेच नाव दिलं होतं. पुढे भारतात काम केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने ही जाती सेनात नेली. म्हणून आजच्या नावापुढे लिनियस कंसात आणि रॉक्सबर्ग कंसाबाहेर असतो. कंस गाळू नका, नावाचा सगळा इतिहास त्यात आहे. कॅशियाची फोड, म्हणजे तिच्यातून सेना वेगळी काढणं, सर्वमान्य झाली ती 1982 नंतर, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांत हीच वनस्पती जुन्या नावाखाली शोधावी लागते. बाभळीचंही तसंच: अकेशिया निलोटिका आता व्हॅचेलिया निलोटिका आहे.

रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान, दोन्ही शब्द तिरपे. नमुना वाळवून चिकटवा आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, फुलाचा रंग लिहा. वाळल्यावर रंग टिकत नाही, म्हणून तो रानातच लिहून घ्या.