प्लांटेड टँकसाठी एलईडी लाइट घेताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीसाठी, लाइट मी एकाच निकषावर घेतला होता: समोर मांडलेल्यांत जो सगळ्यात झगझगीत दिसला तो. दीड महिन्यात ॲन्युबियस या पाणवनस्पतीच्या पानांवर शेवाळाचे गडद हिरवे ठिपके बसले. नखाने खरवडून पाहिले, निघेनात. जोर लावला तर पानच फाटलं. काचेवरचे तसलेच ठिपके ब्लेडने काढावे लागले, तेही करकर आवाज करत. मी निदान केलं की झाडांना उजेड पुरत नाही, आणि वेळ आठ तासांवरून दहावर नेली. आगीत तेल ओतणं म्हणतात ते हेच.

तेव्हापासून कुणी विचारलं की पहिलं सांगतो: लाइट कमी पडल्याने बिघडलेले टँक मी थोडे पाहिलेत, जास्त झाल्याने बिघडलेले भरपूर.

वॅट आणि लुमेन पाहून भुलणं

वॅट म्हणजे लाइट वीज किती खातो, एवढंच. ट्यूबलाइटच्या काळात ‘गॅलनला इतके वॅट’ हा हिशेब चालून जायचा, कारण ट्यूब साधारण सारख्याच असायच्या. एलईडीत एकाच वॅटच्या दोन पट्ट्यांच्या उजेडात मोठा फरक पडतो. लुमेनचं दुखणं वेगळं. ते माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलंय. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट उजेड सर्वात प्रखर वाटतो, म्हणून लुमेनमध्ये त्याला झुकतं माप मिळतं.

झाडाला लागतो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड. त्याला ‘पार’ म्हणतात, आणि आकडा पाहायचा तो टँकच्या तळाशी किती पोचतो याचा. ठोकताळा असा: ॲन्युबियस, जावा फर्न, मॉस, क्रिप्टोकोरीन यांना १५ ते ३० पुरतात (पारचं एकक मायक्रोमोल, दर चौरस मीटरला दर सेकंदाला). बरीचशी देठाची झाडं ३० ते ५० मध्ये खूश असतात. गालिच्यासारखी पसरणारी आणि लालभडक झाडं हवी असतील तर ५० च्या पुढे, पण तिथे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरशिवाय जाऊ नका.

खोक्यावर पारचा आकडा दिला असेल तर तो किती खोलीवरचा, पाण्यातला की हवेतला, हे बघा. बहुतेक वेळा तो लाइटच्या बरोबर खालचा, म्हणजे सगळ्यात लाडक्या जागेचा असतो. कोपऱ्यात तोच निम्म्यावर येऊ शकतो. टँक भरण्याआधी एक जुगाड करता येतो: रिकाम्या टँकच्या तळाशी मोबाइल ठेवून लक्स (उजेडाचं एक माप) मोजणारं ॲप चालवायचं, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. आकड्यावर विश्वास ठेवू नका, प्रमाण मात्र कळतं. ३० सेंटिमीटर उंचीच्या टँकवर शोभणारा लाइट ४५ सेंटिमीटरच्या टँकमध्ये तळाशी दमतो, हेही त्यात दिसेल.

रंगाच्या गप्पा

६५०० केल्विन हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. तो उजेड आपल्याला किती पिवळट किंवा निळसर दिसेल हे सांगतो. चार हजारांवरही झाडं वाढतात, आठ हजारांवरही. ‘झाडाला फक्त लाल आणि निळा लागतो’ हाही अर्धवट समज. मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं होतं की हिरवा उजेडही प्रकाशसंश्लेषणात चांगला वापरला जातो. त्या जांभळ्या-गुलाबी लाइटखाली झाडं जगतील, पण मासे नाटकातल्या भुतांसारखे दिसतात. आरजीबी (लाल, हिरवे, निळे डायोड असलेल्या) लाइटमध्ये लाल झाडं उठून दिसतात, यात थोडी जादू लाल डायोडची असते. साध्या पांढऱ्या लाइटखाली तेच झाड पाहिलं की खरा रंग कळतो.

उजेड वाढवला, बाकी काहीच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उजेड वाढवणं म्हणजे झाडाची भूक वाढवणं. ताटात काहीच नसेल तर भूक वाढवून काय करायचं? पाण्यात सीओटू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पाण्याखालचं झाड आधीच अर्धपोटी असतं. शेवाळाचं मात्र थोडक्यात भागतं. झाड अडून बसलं की शेवाळ उरलेल्या उजेडावर ताव मारतं.

म्हणून डिमर नसलेला लाइट घेऊच नका. थोडा ताकदवान घ्या आणि ४०-५० टक्क्यांवर चालवा. घेताना एक चाचणी करा: डिमर निम्म्यावर ठेवा, प्लग काढा, परत लावा. काही लाइट पुन्हा थेट १०० टक्क्यांवर येतात, काही पेटतच नाहीत. असला लाइट टायमरवर चालवता येत नाही, आणि टायमरशिवाय प्लांटेड टँक म्हणजे रोजची कटकट. नव्या टँकला पहिले तीन-चार आठवडे सहा तास, मग झाडं बघून आठपर्यंत. सीओटू असेल तर तो लाइटच्या तासभर आधी सुरू करायचा. बदल एका वेळी एकच करायचा आणि दोन आठवडे थांबायचं. हे थांबणं मला अजून नीट जमत नाही.

दोष खरंच लाइटचा आहे का?

नवीन लावलेल्या क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या दोन आठवड्यांत विरघळली तर लाइटला हात लावू नका. नर्सरीत अनेक झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती जुनी पानं टाकून पाण्यातली नवी काढतात. नव्या टँकमधली तपकिरी भुकटीही उजेडाच्या कमतरतेमुळे येत नाही, ती डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं. पुसत राहा, काही आठवड्यांत जाते. जुनी पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजन तपासा, पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर पोटॅशियम, नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह.

उजेड खरोखर कमी असतो तेव्हा देठ लांबुडके होतात, पानांमधलं अंतर वाढतं, खालची पानं गळतात आणि गालिच्याचं झाड आडवं पसरायचं सोडून वर मान काढतं. तरीही नवा लाइट घेण्याआधी झाकणाची काच पुसा. क्षारांचा पांढरा थर बराच उजेड अडवतो. वर तरंगणारी झाडंही विरळ करून बघा.

एक गोष्ट निवडीबाहेरची, पण सांगतोच: वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच प्लगमध्ये न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाशी गळून पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

माझा तो झगझगीत लाइट फुकट गेला नाही. वर दोन आडव्या पट्ट्या ठोकून तो हातभर उंच टांगला आणि वेळ सहा तासांवर आणली. ठिपके पडलेली पानं काही साफ झाली नाहीत, ती देठापासून कापली. ॲन्युबियस आता लाकडाच्या सावलीत आहे, तीन-चार आठवड्यांनी एक पान काढतं.