मर्फी आडनावाचं मूळ शोधताना या चुका टाळा

आडनाव दिसलं की गाव विचारायचं, ही आपली सवय. आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांच्या आडनावावरून मालवणजवळचं वराड गाठता येतं. मर्फीवरून असं गाव शोधायला गेलात तर वेळ फुकट जाईल, कारण बहुतेक आयरिश आडनावं पूर्वजाच्या नावावरून पडली आहेत. मर्फी हे ‘ओ मुरखू’चं इंग्रजी वळण. ‘ओ’ म्हणजे वंशज. मुरखू हे जुनं पुरुषनाव. समुद्र आणि लढाई या अर्थाचे दोन शब्द जोडून झालेलं, म्हणजे दर्यावरचा लढवय्या.

हे नाव एकेकाळी घरोघरी होतं. त्यामुळे वेक्सफर्डचे मर्फी वेगळे, कॉर्कचे वेगळे, आणि उत्तरेकडच्या टिरोन-आर्मा भागात तर मूळचे ‘मॅक’वालेही (‘मॅक’ म्हणजे मुलगा) पुढे मर्फीच झाले. ‘मर्फी घराण्याचं मानचिन्ह’ छापलेले कॉफीचे मग विकत घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा: मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

नोंदी शोधताना ‘ओ’मर्फी’ टाइप करू नका. ओ’ब्रायन, ओ’कॉनर यांनी गळालेला ‘ओ’ पुन्हा लावून घेतला, मर्फींनी सहसा नाही. उलट १९११ च्या जनगणनेत एखादी मुलगी मर्फी नावाखाली सापडतच नसेल, तर घरच्यांनी अर्ज आयरिशमध्ये भरलेला असू शकतो. तिथे मुलीचं आडनाव ‘नी वुरखू’ होतं: ‘ओ’च्या जागी ‘नी’ येतं आणि एमपुढे एच लागून उच्चार ‘व’ होतो. लग्न झालेल्या बाईच्या आडनावात ‘ई’ लागतो.

कॉर्कमध्ये जॉन मर्फी शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं. नुसता परगणा पुरत नाही, टाउनलँड हवं. जमिनीचा हा सर्वांत लहान विभाग, देशभरात साठ हजारांवर आहेत. करआकारणीसाठी झालेल्या ग्रिफिथच्या जमीन-घरांच्या मूल्यांकनात (१८४७ ते १८६४) टाउनलँडवार कुळांची नावं मिळतात. एकाच ठिकाणी दोन जॉन मर्फी असले तर नावापुढे कंसात बापाचं नाव, धंदा, कधी ‘तांबडा’ असं केसांवरून पडलेलं नावही असतं. उतरवून घेताना लोक नेमका तो कंस गाळतात आणि भलताच पणजोबा वंशावळीत येऊन बसतो.

१९०१ आणि १९११ च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्याआधीच्या बहुतेक उरल्या नाहीत. काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या आगीत गेल्या, तर १८८१ आणि १८९१ च्या जनगणना सरकारनेच पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी दिल्या. १९०१ आणि १९११ च्या नोंदींत वय जुळत नाही म्हणून माणूस लगेच बाद करू नका. जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं, आणि दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले मर्फी पुष्कळ भेटतात.