डिझायनरचे प्रोजेक्ट मॅनेजर झालात? या चुका टाळा

चांगल्या वेब डिझायनरला बढती मिळते, हाताखाली चार माणसं येतात आणि तिसऱ्याच आठवड्यात तो रात्री अकराला पुन्हा फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून बसतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: टीमचं काम स्वतः करून टाकणं.

मीही ती केली. एका ऑनलाइन दुकानाचं काम होतं, साइट नुकतीच लाइव्ह गेलेली. मोबाइलवर ‘खरेदी करा’ हे बटण कुकीची परवानगी मागणाऱ्या पट्टीमागे दडत होतं. डेव्हलपर मुलीला सांगायचं सोडून मी स्वतःच सर्व्हरवर शिरलो, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, झेड-इंडेक्स (कोणती गोष्ट वर दिसणार ते ठरवणारा आकडा) ९९९९ केला आणि वीस मिनिटांत मोकळा झालो. गिटमध्ये, म्हणजे टीमच्या कोडमधल्या बदलांची नोंद राहते तिथे, काहीच टाकलं नाही. सकाळी टेस्टरने ‘बटण ठीक’ अशी नोंद केली. दुपारी त्या मुलीने तिचा कोड चढवला, माझा बदल पुसला गेला आणि बटण पुन्हा गायब. आपल्याच कोडमुळे बिघडलं असं समजून ती चार तास शोधत बसली. मी तेव्हा ग्राहकाच्या मीटिंगमध्ये. संध्याकाळी खरं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सर, एक मेसेज टाकला असतात तर?” पुढे कित्येक महिने काही बिघडलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, “सर, तुम्ही यात हात घातलाय का?” गेलेला विश्वास परत मिळवायला फार वेळ लागला.

तेव्हापासून सर्व्हरचा पासवर्ड मी माझ्याकडे ठेवत नाही. फिग्मामध्येही मला फक्त कमेंट करता येते. चूक दिसली की तिकीट, म्हणजे टीमसाठी कामाची लेखी नोंद, लिहितो: कोणतं पान, कोणता फोन, काय दिसतंय, काय दिसायला हवं, सोबत स्क्रीनशॉट. हात शिवशिवतात, स्वतः केलं तर लवकर होईल असं वाटतं. त्या दिवशी होतंही लवकर. पण समोरचा माणूस ते काम शिकत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तुमच्याच तोंडाकडे बघतो.

दुसरी चूक, स्वतःच्या हाताच्या वेगावरून तारीख देणं. ‘मी होमपेज दोन दिवसांत करायचो’ म्हणून दोन दिवस लिहून मोकळं व्हायचं! ते दोन दिवस कामाचे झाले. ग्राहकाने मजकूर पाठवायचा, फोटो शोधायचे, त्यांच्या साहेबांनी बघायचं, हे दिवस कोण धरणार? साइट लांबते ती मी बहुतेक वेळा मजकुरापायी लांबलेली पाहिली आहे. लोरेम इप्सम, म्हणजे नुसती जागा भरणारा खोटा मजकूर, टाकून सुबक दिसलेलं डिझाइन खरं तीन ओळींचं शीर्षक आलं की मोडतं. म्हणून मजकूर हातात आल्याशिवाय मी डिझाइन सुरूच करू देत नाही. ग्राहक कुरकुरले तरी चालेल. शेवटचा होकार कोण देणार, ते एकच नाव पहिल्याच दिवशी ईमेलवर लिहून घेतो.

ग्राहकाच्या ‘छोटासाच बदल आहे’ याला फोनवर कधीही हो म्हणू नका. किती दिवस, किती पैसे, ते लिहून पाठवा, मग बोला.

उशीर झाला की माणसं वाढवणं हाही उपाय नव्हे. सॉफ्टवेअर अभियंता फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या १० जोड्या होतात, आठ जणांत २८. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो.

घाईतल्या नवख्यांचा मला खरंच राग येतो. गँट चार्टचं, म्हणजे कामं आणि तारखांच्या तक्त्याचं, टेम्प्लेट उतरवलं, एक कोर्स केला की झाले मॅनेजर! पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं तर चार वर्षांची पदवी असूनही प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, तो उगाच नाही.

‘नव्वद टक्के झालंय’ हे उत्तर मी घेत नाही. ‘दाखव’ म्हणतो.

आणि शुक्रवारी संध्याकाळी लाँच नको. साइट नव्या सर्व्हरवर न्यायची असेल तर डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवला जातो तो आकडा, आधी बघा. तो ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असेल, तर निदान दोन दिवस आधी ३०० वर आणायला सांगा. नाहीतर काही लोकांना दुसऱ्या दिवशीही जुनीच साइट दिसते आणि ग्राहकाचा फोन तुम्हालाच येतो.