एक वर्ष, एक इंच: अल्पायुषी थोरांची भिंत

गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सहा फूट भिंत मोकळी असली, तरी हे प्रदर्शन बसतं. प्रत्येक माणसासाठी कार्डशीटची २ इंच रुंद पट्टी. आयुष्याचं एक वर्ष म्हणजे एक इंच, दीड महिना म्हणजे एक सूत (इंचाचा आठवा भाग).

चूक होते ती वजाबाकीत. आनंदीबाई जोशी: १८८७ वजा १८६५, बावीस, असं लिहून लोक मोकळे होतात. पण जन्म ३१ मार्चचा आणि मृत्यू २६ फेब्रुवारीचा, म्हणजे वय २१च. पट्टी मात्र बावीस इंचांना जेमतेम एक सूत कमी. बालकवींचंही तसंच (१३ ऑगस्ट १८९० ते ५ मे १९१८): वय २७, पट्टी २७ इंच ६ सूत. थोरल्या माधवराव पेशव्यांची (फेब्रुवारी १७४५ ते १८ नोव्हेंबर १७७२) जवळपास तेवढीच भरते. दोघांना एकाखाली एक लावा, लोक थांबतात.

राणी लक्ष्मीबाईंची पट्टी सगळ्यांत अवघड, आणि ग्वाल्हेरात ती चुकवून चालणार नाही; समाधी इथेच फूलबागेत आहे. मृत्यू जून १८५८, त्यातही १७ की १८ हा वाद, पण इंचात तो दिसत नाही. जन्मवर्ष मात्र कोणी १८२८ देतं, कोणी १८३५. म्हणजे वय २९ किंवा २२. शेवट पक्का, सुरुवात वादाची, म्हणून तुटक रेघेचे ७ इंच डावीकडे ठेवा आणि घटनांच्या खुणा उजव्या टोकापासून मोजा. झाशीचा वेढा आणि ग्वाल्हेर, दोन्ही शेवटच्या इंचात येतात. तिथे अक्षर बारीक करावं लागतं.

कार्डशीट २२ बाय २८ इंचांची मिळते. राणीची आणि गायक द. वि. पळुसकरांची (१९२१–१९५५, ३४ इंच ३ सूत) पट्टी जोडावी लागेल. जोडाला अर्धा इंच जादा कापा, नाहीतर आयुष्यच आखूड होतं.

फोटोंना हार नको, काळी चौकट तर नकोच. ज्ञानेश्वरांचं समकालीन चित्र नाही. तिथे ओवी लिहा.

चुन्याच्या भिंतीवर टेप टिकत नाही, भुकटीसकट सुटतो. दोन खिळ्यांत सुतळी ताणून चिमट्यांनी पट्ट्या लावा, डावी टोकं एका ओळंब्यात.