गरोदरपणात बरगडीखाली दुखतंय? आधी बीपी बघा

गरोदर बाईच्या पोटात दुखलं की घरची माणसं पहिलं म्हणणार गॅस झालाय, थोडी सोलकढी घे, ओवा चाव. बऱ्याचदा असतोही गॅसच, पण पाचवा महिना उलटल्यावर उजव्या बरगडीखाली नाहीतर छातीच्या खाली मधोमध दुखत राहिलं, सोबत उलट्या, डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे असलं काही असेल तर ओवा राहू दे, बीपी मोजा. 140/90 किंवा वर आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, 160/110 आलं तर लगेच निघायचं. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गप्प बसू नका हां, हेल्प (HELLP) सिंड्रोम नावाच्या गरोदरपणातल्या गंभीर आजारात लिव्हरला मार बसतो, प्लेटलेट्स घसरतात आणि काहीजणींचं बीपी तेव्हा ठीकच असतं, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि एलएफटी (लिव्हरची तपासणी) करूया का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा, लाजायचं काय त्यात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतही हे होऊ शकतं.

अपेंडिक्सचं दुखणंही फसवतं. पोट वाढतं तसं अपेंडिक्स वर सरकू शकतं, मग दुखतं भलतीकडेच. सोनोग्राफीत दिसलं नाही तर एमआरआय करतात, त्यात रेडिएशन नसतं. ऑपरेशनच्या भीतीने दिवस काढू नका प्लीज, ते फुटलं तर बाळाला धोका कितीतरी वाढतो.

पुरळ नाही पण तळहात-तळपाय रात्री खाजतायत? लिव्हरमधून पित्त नीट वाहत नसेल, बाईल ॲसिडची (पित्तातल्या आम्लांची) रक्ताची टेस्ट करून घ्या. शेवटच्या तीन महिन्यांत उलट्या थांबत नाहीत आणि डोळे पिवळे दिसतात तर कावीळ म्हणून झाडपाला देत बसू नका, लिव्हरमध्ये अचानक चरबी साठण्याचा प्रकार असू शकतो, दुर्मिळ आहे पण त्यात तासातासाला फरक पडतो.

डाव्या बरगडीखाली एकदम जोरात कळ, ती डाव्या खांद्यात जाते, घाम, चक्कर, असं झालं तर सरळ 108. प्लीहेची (डाव्या बरगडीखालचा अवयव, स्प्लीन) रक्तवाहिनी फुटणं फारच क्वचित होतं, पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

काणकोण किंवा वाळपयहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचायला वेळ लागतो, त्यामुळे रात्री दुखलं तर उजाडायची वाट बघायची नाही. वाटेत डाव्या कुशीवर झोपवा, खायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. मनाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर नाहीच. फाईल घ्या आणि पोचल्या पोचल्या सांगा, कितवा आठवडा, कुठे आणि कधीपासून दुखतंय, बाळ हलतंय का.