परदेशात शिकवायला जाताना ॲन्झायटीच्या गोळ्यांची व्यवस्था कशी लावावी

जळगाव, धुळे, नंदुरबारहून दुबई-शारजाच्या शाळांत शिकवायला जाणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो : "सहा महिन्यांच्या गोळ्या इथूनच भरून घ्या, तिकडे कोण बघतं?" हा सल्ला अजिबात ऐकू नका. तिथे बॅग तपासली जाते, आणि काही गोळ्या परवान्याशिवाय जवळ बाळगणं हा यूएईत अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. तिथे रीतसर डॉक्टर गाठून औषध चालू ठेवता येतं, पण त्याची तयारी इथूनच करून जावी लागते.

यूएईतल्या बहुतेक भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. तेव्हा रुजू व्हायचं असेल तर जानेवारीतच आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

गोळीत काय आहे ते आधी बघा

सगळा घोळ इथे होतो. "टेन्शनची गोळी" किंवा "झोपेची गोळी" एवढीच ओळख असलेलं औषध घेऊन माणसं निघतात. पट्टीवरचं ब्रँडचं ठळक नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम (चिंता-नैराश्यावरचं रोजचं औषध) १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम (सवय लागू शकणारं शामक औषध) ०.५ मिग्रॅ एकाच गोळीत देण्याची पद्धत फार आहे. ब्रँडच्या नावापुढे "प्लस" असेल तर हमखास घटक तपासा. पट्टीवर लाल अक्षरांत "एनआरएक्स" (NRx) छापलेलं असेल, तर त्या गोळीत अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येणारं औषध आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही सगळी त्यातली. गल्लीतला मेडिकलवाला ओळखीवर पट्टी देतो म्हणून ती साधी गोळी होत नाही.

अशी जोडगोळी परदेशात सहसा मिळत नाही. तिथला डॉक्टर एस्सिटॅलोप्रॅम सहज लिहून देईल, क्लोनाझेपाम मात्र लिहीलच असं नाही. क्लोनाझेपामसारखंच असलेलं इटिझोलाम तर कित्येक देशांत औषध म्हणून विकलंच जात नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा : "मी अमुक तारखेला परदेशी चाललो आहे, दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत द्या, आणि क्लोनाझेपाम कमी करता येईल का ते बघा." जोडगोळी अर्धी तोडून हे जमत नाही, कारण त्यात एस्सिटॅलोप्रॅमही अर्धं होतं आणि मूळ त्रास उसळतो.

क्लोनाझेपाम रोज, बरेच दिवस घेतलेलं असेल तर ते एका दिवसात बंद करू नका. झोप उडते, हात थरथरतात, घबराट दुपटीने येते, काहींना फिटही येते. मूळ आजारच परतला असं वाटून माणूस आणखी घाबरतो. प्रत्यक्षात तो औषध अचानक तुटल्याचा परिणाम असतो. डोस उतरवायला आठवडे, कधी महिने लागतात. तीन महिने हाताशी ठेवायचे ते यासाठी. किती आणि कसं उतरवायचं हे डॉक्टरच ठरवतील. काही जणांना ते चालूच ठेवावं लागतं, त्यात कमीपणा नाही. फक्त मग कागदपत्रं चोख हवीत.

डॉक्टरांचं पत्र

लेटरहेडवर, इंग्रजीत. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव (केसपेपरवर नुसतं "पाटील सर" लिहिलेलं असेल तर ते चालणार नाही), पासपोर्ट क्रमांक, निदान, औषधाचं मूळ नाव (ब्रँडचं नव्हे), मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून, आणि सोबत नेत असलेल्या गोळ्यांची एकूण संख्या. खाली सही, शिक्का, तारीख, वैद्यकीय नोंदणी क्रमांक. रोज एक गोळी आणि ३० दिवस, तर ३० गोळ्या. बॅगेत ४५ निघाल्या तर पत्र निरुपयोगी.

परवाना आणि सामान

यूएईच्या सरकारी संकेतस्थळावर आपलं प्रत्येक औषध नियंत्रित यादीत आहे का ते शोधा. एस्सिटॅलोप्रॅम यादीत नसेलच असंही गृहीत धरू नका. असेल तर प्रवासाआधी ऑनलाइन परवाना घ्या आणि मंजूर झाल्यात तेवढ्याच गोळ्या न्या, मूळ पट्टीत, बिलासकट, हातातल्या बॅगेत.

घरून कुणाच्या हाती पार्सल मागवताना बिबड्या मागवा, कळण्याचं पीठ मागवा, गोळ्या कधीच नको. काळ्या मसाल्यात खसखस असेल तर तोही नको. यूएईत खसखशीवर बंदी आहे.

तिथे पोचल्यावर

एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र) आणि विमा कार्ड हाती येताच अपॉइंटमेंट घ्या. दहा गोळ्या उरेपर्यंत थांबू नका. विम्यात मानसोपचार धरलेला आहे का, कोणत्या दवाखान्यांत, आधी मंजुरी लागते का, हे विमा कंपनीलाच विचारा. विम्याच्या अर्जात जुना आजार विचारला तर खरं लिहा. लपवलेला आजार पुढे निघाला तर दावा नाकारला जातो.

डॉक्टरांपुढे "मला हीच गोळी लिहून द्या" म्हणू नका. त्रास कधी सुरू झाला, कोणतं औषध किती दिवस घेतलं, कशाने गुण आला, कशाने नाही, हे सांगा आणि पत्र पुढे ठेवा. ते सगळं पहिल्यापासून विचारतील, विचारू द्या. नवं औषध सुरू केलं तर गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. नियंत्रित औषधाची चिठ्ठी मिळाली तर त्याच दिवशी, एमिरेट्स आयडी दाखवून औषध घ्या. अशा चिठ्ठीची मुदत फार थोडी असते.

गावाकडच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सॲपवर चिठ्ठी मागवून भागत नाही. भारताची २०२० ची टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) नियमावली देशाबाहेरच्या सेवेला लागू नाही.

शाळेत कळलं तर नोकरी जाईल, या धास्तीने पुष्कळ जण डॉक्टरकडे जातच नाहीत. यूएईचा २०२३ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाची गोपनीयता राखतो आणि आजारामुळे नोकरीत भेदभाव करायला मनाई करतो. मुख्याध्यापकांना निदान सांगत बसायची गरज नाही; रजेसाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र द्या. आणि जीव नकोसा वाटण्याइतकी वेळ आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा.